मनीऑर्डरनं येणारं ऊन

आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाची गोष्ट. तिथला चहा तिला चालत नाही, डॉक्टर काहीही म्हणोत. त्यामुळे रोज सकाळी एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात थर्मास घेऊन माझी वारी. एके दिवशी जिन्याच्या वळणावर पिशवीचा बंद सुटला. ती सावरायला गेलो, डबा वाचला आणि थर्मास गेला. फार मोठा आवाजही झाला नाही. प्लास्टिकच्या आत कुठेतरी खळ्ळ झालं, बस्स. झाकण उघडलं तर चहाच्या तळाशी आरशाचे तुकडे चमकत होते.

घरी आल्यावर आठवीतल्या भाचीनं त्याचं बूड फिरवून काढलं आणि काचा जुन्या वर्तमानपत्रावर ओतल्या. पापडासारख्या पातळ, आणि एका बाजूनं लखलखीत. नीट पाहिलं तर दोन गोलाया होत्या, एक आतल्या बाटलीची आणि एक बाहेरच्या बाटलीची. एका तुकड्याला काचेची छोटी निमुळती शेपटी होती. ती कशाला, असं तिनं विचारल्यावर मी मोठ्या रुबाबात सांगितलं की दोन्ही बाटल्यांच्या मधली हवा इथून ओढून घेतात आणि मग काच वितळवून तोंड बंद करतात. मधे काहीच उरत नाही. काही नाही, म्हणून चहाची उष्णता बाहेर जात नाही.

"मग मामा, सूर्य आणि आपल्या मधेही काही नाहीये ना?"

"नाही."

"मग ती कशी येते?"

शाळेत याचं तीन मार्कांचं उत्तर मीही लिहिलेलं आहे : वहन, अभिसरण, प्रारण. व्याख्या, प्रत्येकी एक उदाहरण, संपलं. पण तिचा प्रश्न त्या उत्तरात मावत नव्हता. एकच पोकळी थर्मासमध्ये भिंत होते आणि आकाशात रस्ता, हे कसं? तिच्या हातातल्या काचेच्या लखलखीत बाजूवरच त्याचं उत्तर होतं, पण ते मला लगेच सुचलं नाही.

थंडीत शेकोटीजवळ बसलेल्या कोणालाही याचं निम्मं उत्तर अंगानं ठाऊक असतं. तोंड भाजत असतं, नडग्या चटकत असतात, आणि पाठ गारठलेली असते. ही ऊब चेहऱ्यापर्यंत येते कशी? तापलेली हवा तर धुरासोबत सरळ वर जाते, धूर दिसतोच की. तिची जागा घ्यायला आजूबाजूची गार हवा आपल्या पाठीमागून विस्तवाकडे ओढली जाते. म्हणजे हवेचा हिशेब मांडला तर शेकोटीनं आपल्याला गारच करायला हवं. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश सरकते, तोही मार्ग बाद. आता मधे एक वर्तमानपत्र धरा. चेहऱ्यावरचा चटका पापणी लवायच्या आत नाहीसा होतो. कागद काढला की त्याच क्षणी परत हजर. तापलेल्या हवेला येण्या-जाण्याला वेळ लागतो. असं झटकन चालू-बंद होतं ते दिव्याचं. शेकोटीच्या उबेलाही सावली पडते. आपण पाठ करून बसतो तेव्हा छाती आपल्याच सावलीत असते.

ही ऊब प्रकाशाच्या जातीची आहे, याचा पहिला ठोस पुरावा १८०० साली लंडनजवळच्या स्लाऊ गावी मिळाला. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मन, पेशानं वादक आणि वेडानं दुर्बिणी बनवणारा. युरेनस त्यानंच १७८१ मध्ये शोधलेला. दुर्बिणीतून सूर्य पाहताना तो रंगीत काचा वापरायचा. त्याच्या लक्षात आलं की काही काचांतून उजेड अगदी थोडा येतो पण डोळ्याला झळ लागते, तर काहींतून उजेड भरपूर आणि झळ कमी. मग कुठल्या रंगात किती उष्णता, हे मोजून पाहावं म्हणून त्यानं लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा टेबलावर पाडला. फुगा काळा केलेला एक थर्मामीटर एकेका रंगात ठेवायचा आणि तुलनेसाठी बाकीचे पट्ट्याबाहेर. जांभळ्यापेक्षा हिरव्यात पारा जास्त चढला, हिरव्यापेक्षा तांबड्यात जास्त. आणि तांबड्याच्याही पलीकडे, जिथे टेबलावर डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे सगळ्यांत जास्त. (काचेचा लोलक त्या बाजूचे किरण दाटीवाटीनं बसवतो, त्याचाही यात हात आहे. पण त्यानं शोधाचं मोल कमी होत नाही.) आज आपण त्यांना अवरक्त किरण म्हणतो.

गंमत अशी की हे किरण वळतात, परावर्तित होतात, प्रकाशासारखेच वागतात हे स्वतः दाखवूनही वर्ष सरता सरता हर्शेलचं मन फिरलं. उष्णतेचे किरण आणि प्रकाशाचे किरण या दोन वेगळ्याच वस्तू आहेत, असं त्यानं ठरवून टाकलं. शोध बरोबर आणि निष्कर्ष चूक, असं विज्ञानात वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा झालेलं आहे.

त्याच्या दहा वर्षं आधी जिनिव्हात याहून चक्रावून टाकणारा एक प्रयोग झाला होता. तो मला हर्शेलपेक्षाही आवडतो. मार्क-ऑग्युस्त पिक्ते यानं दोन अंतर्गोल आरसे काही फुटांवर समोरासमोर ठेवले. एकाच्या नाभीवर तापवलेला लोखंडी गोळा ठेवला की दुसऱ्याच्या नाभीवरच्या थर्मामीटरचा पारा लगेच चढायचा. हे समजण्यासारखं होतं. मग त्यानं गोळ्याच्या जागी बर्फानं भरलेलं भांडं ठेवलं. समोरचा पारा उतरला! भांडं उचललं, पारा पूर्ववत. म्हणजे थंडीसुद्धा किरणांवर बसून प्रवास करते की काय? आरशावरून परावर्तित होऊन नेमकी नाभीवर जमते की काय? काउंट रमफर्डसारखा कसलेला प्रयोगकर्ता पुढे बरीच वर्षं तसंच मानत होता.

आपली भाषाही तसंच मानते. "दार लाव, थंडी आत येतेय," असंच आपण म्हणतो.

उलगडा केला जिनिव्हाच्याच पिएर प्रेव्हो यानं, १७९१ मध्ये. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक वस्तू सदासर्वकाळ किरणं बाहेर टाकत असते. तापलेला गोळा टाकतो, थर्मामीटर टाकतो, बर्फही टाकतो. आणि प्रत्येक वस्तू इतरांकडून येणारी किरणं घेतही असते. थर्मामीटरच्या समोर नेहमीच्या खोलीच्या भिंती असतात तेव्हा जितकं देणं तितकंच घेणं, त्यामुळे पारा हलत नाही. बर्फ समोर आला की थर्मामीटर पूर्वीइतकंच देत राहतो, पण परतफेड तुटपुंजी येते. पारा उतरतो तो खात्यात घट आली म्हणून. थंडी नावाचं काही त्याच्यावर येऊन आदळलेलं नसतं. आरशांनी केलं एवढंच की थर्मामीटरच्या समोरच्या भिंतींचा मोठा भाग झाकून त्या जागी बर्फ दाखवला.

आता मूळ प्रश्न. पोकळीतून उष्णता कशी जाते? खरं सांगायचं तर जातच नाही.

मुंबईच्या गिरणगावातला चाकरमानी दर महिन्याला कोकणात मनीऑर्डर करायचा. परळच्या पोस्टात त्यानं मोजून दिलेल्या नोटा काही बोटीत बसून रत्नागिरीला जात नसत. त्या परळलाच राहायच्या. जायचा तो फॉर्म. गावाकडे पोस्टमन आईचा अंगठा घेऊन तिच्या हातावर ठेवायचा त्या वेगळ्याच नोटा. तरी पैसे पोचले, हे खरंच. सूर्याचा व्यवहार असाच आहे. उष्णता म्हणजे अणुरेणूंची धडपड, कंप, धक्काबुक्की. जिथे अणूच नाहीत तिथे कंप कोणाचा? म्हणून पोकळीत उष्णता नसतेच. पण अणूंमध्ये विद्युतभार असतात, आणि विद्युतभार थरथरला की त्याच्याभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत लाट उठते. या लाटेला पुढे सरकायला पाणी लागत नाही, हवा लागत नाही, काहीच लागत नाही. विद्युतक्षेत्र बदललं की चुंबकीय क्षेत्र उभं राहतं, ते बदललं की पुन्हा विद्युतक्षेत्र, अशी ती स्वतःच स्वतःला ढकलत जाते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानं १८६५ च्या निबंधात हे गणितानं मांडलं, आणि या लाटेचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळतो हे पाहून प्रकाश म्हणजे हीच लाट असं सांगितलं. सूर्याच्या पृष्ठभागावर अणूंच्या धडपडीतली काही ऊर्जा या लाटेत मोडून दिली जाते. १५ कोटी किलोमीटर ती लाट म्हणून येते, सुमारे ८ मिनिटं २० सेकंदांत. आणि आपल्या गच्चीवरच्या फरशीवर पडली की फरशीतले भार थरथरतात आणि पुन्हा उष्णता होते. नव्या नोटा.

उपमा एका जागी लंगडी पडते. मनीऑर्डरच्या फॉर्मला स्वतःची किंमत नव्हती. या लाटेत मात्र ऊर्जा खरोखरच असते. फक्त ती त्या वेळी उष्णतेच्या वेषात नसते.

वाटेत काहीच तापत नाही, हे घरबसल्या दिसतं. दुपारी खिडकीच्या बंद काचेतून ऊन आत येतं, फरशी चटका देते आणि काच मात्र कोमटच असते. ऊन तिच्यातून गेलं, पण तिनं फारसं उचललं नाही. पैसे ज्याच्या नावावर असतात त्यालाच मिळतात. सूर्य चहूकडे जेवढं उधळतो त्यातला दोन अब्ज भागांपैकी एकाहूनही कमी वाटा पृथ्वीच्या वाट्याला येतो. तरी वातावरणाच्या वर, उन्हाकडे तोंड केलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर तो सुमारे १३६१ वॉट भरतो. इस्त्री आणि मिक्सर एकत्र लावल्यासारखं.

फक्त सूर्य, विस्तव, तवा अशा तापलेल्या गोष्टीच किरणं टाकतात, असं आपण धरून चालतो. पण २०२० साली, करोनाच्या साथीत, सगळ्या महाराष्ट्रानं उलट पुरावा कपाळावर घेतला. सोसायटीच्या फाटकाशी वॉचमन ताप मोजायचं ते पांढरं पिस्तूल कपाळासमोर धरायचा आणि आकडा वाचायचा. त्या पिस्तुलातून मेंदूत घातक किरणं जातात, अशा अफवाही तेव्हा फिरल्या. प्रत्यक्षात माप घेताना ते स्वतःहून खास काहीच सोडत नाही. किरणं सोडतो तो कपाळवाला. पिस्तुलाच्या तोंडाशी असतं ते भिंग आणि त्यामागे एक संवेदक, आपल्या त्वचेतून येणारे अवरक्त किरण झेलून किती आले ते मोजणारा. त्यांची तरंगलांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, दिसणाऱ्या प्रकाशाच्या जवळजवळ वीसपट. म्हणून आपण अंधारात एकमेकांना दिसत नाही. डोळे त्या लांबीला लागले असते तर लोडशेडिंगमध्ये घरातली सगळी माणसं कंदिलासारखी दिसली असती.

हिशेबच करू. ३३ अंशांची त्वचा दर चौरस मीटरमागे जवळपास ५०० वॉट बाहेर टाकते. साधारण माणसाचं अंग धरलं तर ८०० वॉटच्या वर. एवढं गेलं तर आपण रोज पाच-सहा वेळा जेवूनही पुरणार नाही. पण २५ अंशांच्या खोलीतल्या भिंती, छत, कपाट, समोर बसलेला माणूस असे सगळे मिळून त्यातले ७५० हून जास्त वॉट परत देत असतात. निव्वळ तोटा ८०-९० वॉटचा, जुन्या पिवळ्या बल्बएवढा. प्रेव्होची देण्याघेण्याची वही ती हीच. गर्दीच्या लग्नाच्या हॉलमध्ये उकडतं त्यामागे ही वहीही असते. चारी बाजूंनी आपल्याच तापमानाची माणसं, मग देणार कुणाला?

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या लांबीच्या किरणांसाठी माणसाची त्वचा जवळजवळ पूर्ण काळी असते. गोरी, सावळी, गव्हाळ, कुठलीही. येणारं जवळपास सगळं ती शोषते आणि पूर्ण क्षमतेनं टाकते. पांढराशुभ्र बर्फसुद्धा तिथे काळाच. लग्नाच्या जाहिराती अवरक्तात छापल्या तर बरंच शाईचं काम वाचेल.

तापमान वाढलं की किरणं किती वाढतात, याचा नियम व्हिएन्नाच्या योझेफ स्टेफान यानं १८७९ मध्ये काढला. निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून, मोजलेलं तापमान दुप्पट केलं तर किरणं सोळापट होतात. चौथा घात. सूर्य किती तापलेला आहे यावर तोवर हजारांपासून लाखोंपर्यंत आकडे फेकले जात होते. स्टेफाननं आपल्या नियमावरून ते सुमारे ५४३० अंश सेल्सियस काढलं. आजचं उत्तर साडेपाच हजारांच्या आसपास आहे. सूर्याजवळ न जाता आणि थर्मामीटर न टेकवता, पोकळीतून आलेल्या पावतीवरून समोरच्या तिजोरीत किती आहे हे त्यानं ओळखलं. का, हे त्यालाही सांगता आलं नव्हतं. ते सांगताना १९०० मध्ये माक्स प्लांक याला ऊर्जा पुड्या बांधून सुटते असं मानावं लागलं आणि भौतिकशास्त्राचं घर मुळापासून हललं. पण तो वेगळा लेख आहे.

देण्याघेण्याच्या वहीचं सगळ्यांत देखणं पान आपल्याकडचं आहे. अठराव्या शतकात अलाहाबादेला, जिथे नदी-तळ्यावर बर्फ कधी दिसत नाही, तिथे हिवाळ्यात रात्रीत बर्फ करायचे. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्यानं त्याचं वर्णन लिहून पाठवलं आणि ते १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. मोकळ्या मैदानात हात-सव्वा हात खोल, ऐसपैस चौकोनी खड्डा. त्यात वाळलेली उसाची चिपाडं किंवा मक्याची ताटं जाड पसरलेली. त्यावर ओळीनं मातीच्या उथळ, झिलई न दिलेल्या थाळ्या. संध्याकाळी उकळून गार केलेलं पाणी त्यांत ओतायचं आणि पहाटे, सूर्य उगवायच्या आत, वरचा बर्फ गोळा करायचा. आकाश निरभ्र हवं आणि वारा पडलेला हवा. ढग आले की धंदा बुडाला.

पाण्याची उष्णता गेली कुठे? खालून चिपाडांनी जमिनीची ऊब अडवली. पडलेल्या वाऱ्यानं वरच्या हवेची ऊब अडवली. थोडी बाष्पीभवनात गेली. उरलेली थाळीनं थेट आकाशाला देऊन टाकली. दिवसा सूर्याकडून ऊन येतं त्याच रस्त्यानं, उलट्या दिशेनं. रात्रीचं निरभ्र, कोरडं आकाश परतफेड फार कमी करतं. त्यातली वाफ आणि कर्बवायू काही किरणं खाली पाठवतात, पण मधे एक रुंद फट उरते आणि तिच्यातून थाळी सरळ अंतराळाशी व्यवहार करते. म्हणून आजूबाजूची हवा शून्याच्या वर असतानाही थाळीतलं पाणी शून्याखाली उतरतं. ढग हे त्या फटीवर घातलेलं गोधडीसारखं पांघरूण. खालून गेलेलं ते शोषून घेतात आणि स्वतःचं खाली पाठवतात. आभाळ आलं की थंडी मोडते, हे कुठलाही शेतकरी सांगेल, त्याला स्टेफान लागत नाही.

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरहून वर्तमानपत्रात एक फोटो येतो. वेण्णा तलावाच्या जेटीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा हिमकणांचा थर. त्याच बातमीत हवेचं तापमान मात्र चार-पाच अंश दिलेलं असतं आणि वाचक बुचकळ्यात पडतात की शून्य न होता बर्फ कसा. तापमान घेतात ते जमिनीपासून वर, छपराच्या पेटीत, आकाशाची नजर चुकवून. गाडीचं टप मात्र रात्रभर उघड्या आकाशाकडे तोंड करून पडलेलं असतं, पातळ पत्रा, साठवण शून्य. हवेच्याही खाली ते एकटंच उतरतं. त्याच गाडीच्या दारांवर, किंवा झाडाखाली लावलेल्या गाडीवर, थर सहसा नसतो. त्यांच्या समोर आकाशाऐवजी झाड, घर, दुसरी गाडी असते, आणि ती सगळी परतफेड करतात. दव असंच पडतं, हे लंडनचा डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यानं १८१४ मध्ये दव या विषयावरच्या निबंधात सिद्ध केलं. वस्तू आधी गार होते आणि मग तिच्यावर दव बसतं. दवामुळे ती गार होत नाही. रात्र-रात्र बागेत लोकरीचे पुंजके ठेवून आणि तोलून त्यानं ते काढलं.

हे लक्षात घेतलं की अंतराळाबद्दलची एक सिनेमावाली समजूत गळून पडते. यानाबाहेर फेकला गेलेला माणूस क्षणात गोठून काचेसारखा होतो म्हणे. हिशेब बघा. पोकळीत हवा नाही, म्हणजे वारा लागायला नाही आणि हवेला उष्णता द्यायलाही नाही. ओल्या भागांवरची वाफ सोडली तर फक्त किरणं टाकायचा मार्ग उरतो, तो ८०० वॉटचा. सत्तर किलोचं अंग त्या वेगानं एक अंश उतरायला पाच मिनिटं लागतात. बिचारा हवेवाचून आधीच गेलेला असेल, गोठायची पाळी बऱ्याच तासांनी. अवकाश म्हणजे भलामोठा फ्रीज, हे तितकंसं खरं नाही. अवकाश म्हणजे भलामोठा थर्मास, हे जास्त जवळचं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची अडचण म्हणूनच उलटी आहे. आतली माणसं आणि यंत्रं तापत राहतात आणि ती उष्णता टाकायला वारा नाही. त्यासाठी अमोनिया फिरवून ती बाहेरच्या मोठ्या पांढऱ्या पाट्यांपर्यंत नेतात आणि त्या पाट्या ती काळ्या आकाशात किरणांनी ओततात. पांढऱ्या का? उन्हाच्या लांबीला तो रंग पांढरा आहे, ऊन परतवतो. अवरक्ताला तो काळा आहे, भरभर टाकतो. एकाच रंगाची दोन तोंडं.

चांद्रयान-३ नं हेच जवळून दाखवलं. २३ ऑगस्ट २०२३ ला त्याचा लँडर विक्रम उतरला आणि त्यातल्या चास्टे या उपकरणानं दहा सेंटिमीटर लांबीची, दहा संवेदक बसवलेली कांडी चंद्राच्या मातीत खुपसली. चारच दिवसांनी इस्रोनं आलेख प्रसिद्ध केला. पृष्ठभागावर तापमान ५० अंशांच्या आसपास आणि अवघ्या आठ सेंटिमीटर खाली उणे १० च्या जवळ. वीतभरही खोली नाही आणि साठ अंशांचा फरक! आपल्या शेतात इतक्या थोड्या खोलीत असं होणं शक्य नाही. कारण आपल्या मातीच्या कणांमध्ये हवा आणि ओल भरलेली असते. चंद्रावरच्या पिठासारख्या मातीत कणाकणांच्या मधे पोकळी आहे. कण टोकाटोकांनी जेमतेम टेकलेले. वहनाला अरुंद पायवाट आणि अभिसरणाला जागाच नाही. तिथली मातीच थर्मास आहे, वरचं ऊन वरच राहतं आणि खालचा गारठा खालीच.

त्या यानावरची सोनेरी झळाळीही आठवत असेल. ते सोनं नव्हे. पिवळट प्लास्टिकच्या पातळ पडद्यामागे ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, पिवळ्यातून रुपेरी दिसलं की सोनं वाटतं. असे अनेक पडदे एकावर एक, मधे एकमेकांना फारसे न टेकतील अशी जाळी. प्रत्येक पडदा येणारं जवळजवळ सगळं परतवतो, जे थोडं शोषतो त्यातलं निम्मं उलट पाठवतो, आणि पुढच्याकडे उरतं ते अगदी किरकोळ. पृथ्वीवर हवेत गुंडाळलं तर हे वेष्टन फारसं कामाचं नाही. पोकळी असेल तरच त्याचं तेज. तरीही चौदा दिवसांची रात्र जड गेलीच. सप्टेंबरच्या सुरुवातीला विक्रम आणि त्याचा रोव्हर प्रज्ञान झोपवले ते पुन्हा उठले नाहीत. रात्रभर देणं चालू आणि घेणं बंद.

आता पुन्हा वर्तमानपत्रावरच्या काचांकडे. १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर याला चहा गरम ठेवायचा नव्हता. द्रवरूप वायू गार ठेवायचे होते. उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन साध्या भांड्यात उकळून जायचा. त्यानं एका काचेच्या भांड्यात दुसरं बसवलं आणि मधली हवा काढून टाकली. वहन गेलं, अभिसरण गेलं. तरी थोडी गळती राहिली, कारण पोकळी तिसऱ्या मार्गाला अडवत नाही. मग त्यानं पोकळीकडच्या बाजूंना चांदीचा मुलामा दिला.

तो मुलामा किती कामाचा, हे मी त्या दिवशी भाचीबरोबर कागदावर मांडलं. अर्धा लिटर चहा, ९० अंशांचा, बाहेर ३० अंश. पोकळी आहे पण चांदी नाही, नुसती काच. काच अवरक्तात जवळजवळ काळी, म्हणून चहा किरणांनी मिनिटाला साधारण अर्धा अंश उतरणार. दवाखान्यात पोचेपर्यंत कोमट. आता चांदी लावा. चांदी अवरक्ताचं शेकडा दोन-तीनहून जास्त ना शोषते ना टाकते, आणि इथे दोन्ही भिंतींना चांदी आहे. गळती पन्नासपटीनं तरी घटते. मग उरतो तो मुख्यतः बुचाचा मार्ग. ज्या तोंडातून चहा ओततो तिथेच तो थंडही होतो.

म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं की सूर्य आणि आपल्यामध्ये पोकळी आहे, पण आरसा नाही.

ड्यूअरनं आपल्या भांड्याचं पेटंट घेतलं नाही. १९०४ मध्ये जर्मनीत त्यावर थर्मोस नावाची कंपनी निघाली, तो कोर्टात गेला आणि हरला. आपण आज थर्मास म्हणतो, ड्यूअर म्हणत नाही.

आई घरी आली. मी नवीन थर्मास आणला तो स्टीलचा, पडला तरी फुटू नये म्हणून. भाचीनं टॉर्च मारून आत पाहिलं आणि म्हणाली, यात तर चांदी नाही. मी म्हटलं, असेल, चकचकीत बाजू पोकळीकडे असते, इथून दिसत नाही. तिनं तो हातात उलटासुलटा फिरवला, बुडाशी नखानं खरवडून पाहिलं आणि स्वयंपाकघरात बत्ता शोधायला गेली. मी थर्मास उचलून फडताळाच्या वरच्या खणात ठेवला.